कौल देवाचा की जनतेचा? ऑलिव्हर क्रॉमवेलच्या उदयातून काय शिकावे

राजकारणाचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते. माणूस इमानदार पाहिजे, बाकीचे आपोआप होते. मुस्लिम मोहल्ल्यात ते 'दीनदार माणूस पाहिजे' अशा शब्दांत येते, हिंदू वस्तीत 'धर्मनिष्ठ आणि निःस्वार्थी माणूस पाहिजे' असे येते, आणि शहरातल्या सोसायट्यांमध्ये 'मिलिटरीसारखी शिस्त लावणारा पाहिजे' असे. तिन्हींमागची समजूत एकच आहे. नेता आतून चांगला असला की त्याच्यावर बाहेरून पहारा ठेवायची गरज उरत नाही.

ही समजूत मला धोक्याची वाटते. का वाटते ते सांगण्यासाठी मी सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधला एक माणूस निवडला आहे. तो दीनदार होता, राजमुकुट समोर आला तेव्हा त्याने तो नाकारला, आणि सेनापती म्हणून त्याच्या तोडीचा दुसरा त्या काळी इंग्लंडमध्ये सापडणे कठीण होते. त्याचे नाव ऑलिव्हर क्रॉमवेल. जन्म १५९९, मृत्यू १६५८. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, क्रॉमवेल तिकडे लढाया जिंकत होता तेव्हा इकडे दिल्लीत शाहजहान होता, विजापुरात आदिलशाही होती आणि पुणे परगण्यात तरुण शिवाजी महाराज आपला जम बसवत होते. सुरतेत जिची वखार होती त्या ईस्ट इंडिया कंपनीला १६५७ मध्ये नवी सनद दिली तीही क्रॉमवेलनेच. म्हणजे हा माणूस आपल्या इतिहासापासून वाटतो तितका लांबचा नाही.

त्रेचाळिसाव्या वर्षी तलवार

क्रॉमवेल हंटिंग्डन नावाच्या छोट्या गावातला. घराणे नावाजलेले, पण त्याची शाखा बेताच्या परिस्थितीतली. केंब्रिजला शिकायला गेला आणि वर्षभरात वडील वारल्यामुळे परत आला. १६३१ मध्ये जमीनजुमला विकून तो सेंट आइव्हजला दुसऱ्याची जमीन कसायला घेऊन राहिला. पुढे मामाच्या वारशाने ईली गावी थोडे स्थैर्य आले. याच काळात तो मनाने फार खचला होता आणि त्यातून त्याच्या श्रद्धेला नवे वळण लागले. आपण मोठे पापी होतो आणि ईश्वराने आपल्याला उचलून उजेडात आणले, असे त्याने १६३८ मध्ये एका नातेवाईक स्त्रीला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. ही भावना त्याला आयुष्यभर पुरली.

प्युरिटन म्हणजे कोण, हे थोडक्यात सांगायला हवे. इंग्लंडचे चर्च रोमच्या पोपपासून वेगळे झाले होते, तरी बिशप, झगे, विधी असे बरेच जुने त्यात शिल्लक होते. ते सारे काढून टाकून धर्म बायबलपुरता शुद्ध करावा, असे म्हणणारे ते प्युरिटन. राजा पहिला चार्ल्स आणि त्याचा आर्चबिशप लॉड यांचे धोरण नेमके उलट होते. शिवाय चार्ल्सने १६२९ पासून ११ वर्षे पार्लमेंट बोलावलेच नाही आणि वेगवेगळ्या नावांनी पैसा गोळा करत राहिला. स्कॉटलंडवर प्रार्थनेचे पुस्तक लादायला गेला, तिथे युद्ध पेटले, पैसा कमी पडला, तेव्हा १६४० मध्ये पार्लमेंट बोलावणे भाग पडले. क्रॉमवेल केंब्रिजचा प्रतिनिधी म्हणून तिथे बसला होता. १६४२ च्या ऑगस्टमध्ये राजाने नॉटिंगहॅमला युद्धाचे निशाण उभारले. तेव्हा क्रॉमवेल ४३ वर्षांचा होता आणि लढाईचा अनुभव त्याला शून्य होता.

माणसे निवडण्याची रीत

मला त्याच्या उदयाचा सर्वात शिकण्याजोगा भाग इथून सुरू होतो असे वाटते. १६४२ च्या ऑक्टोबरमध्ये एजहिलची पहिली मोठी लढाई झाली. राजाचा पुतण्या... नव्हे, भाचा, प्रिन्स रूपर्ट याच्या घोडदळाने पार्लमेंटचे स्वार उधळून लावले. क्रॉमवेलने आपला आतेभाऊ जॉन हॅम्डेन याला त्यानंतर सांगितले की आपल्या पथकांत म्हातारे नोकर आणि दारूच्या गुत्त्यावरचे गडी भरले आहेत, तिकडे खानदानी तरुण आहेत. इज्जतीसाठी लढणाऱ्यांना तोंड द्यायचे तर आपल्याला ईश्वराची चाड असलेली माणसे शोधावी लागतील.

आणि त्याने तशी शोधली. पूर्व इंग्लंडमधले छोटे जमीनमालक, त्यांची मुले, कारागीर. कुळ पाहिले नाही. उमराव लोकांनी नाके मुरडली तेव्हा त्याने सफोकच्या अधिकाऱ्यांना कळवले की जाडेभरडे कपडे घालणारा पण आपण कशासाठी लढतो हे जाणणारा कप्तान मला नुसत्या नावाच्या खानदानी माणसापेक्षा जास्त मोलाचा आहे. पथकात शिवी दिली तर बारा पेन्स दंड होता, दारू पिऊन आला तर त्याहून कडक शिक्षा होती. दुसरीकडे सैनिकांचा पगार वेळेवर मिळावा म्हणून हा माणूस समित्यांना पत्रांवर पत्रे पाठवत असे. साठेक स्वारांच्या पथकापासून सुरुवात झाली. दीड वर्षाच्या आत त्याच्या हाताखाली नेहमीच्या रेजिमेंटच्या दुपटीएवढे घोडदळ होते.

त्याच्याच सैन्यातला स्कॉटिश सेनाधिकारी क्रॉफर्ड याने एका अधिकाऱ्याला वेगळ्या पंथाचा म्हणून बाजूला केले, तेव्हा १६४४ मध्ये क्रॉमवेलने त्याला खरमरीत पत्र लिहिले. राज्य आपल्या सेवेसाठी माणसे घेते तेव्हा त्यांची मते पाहत नाही, ती निष्ठेने सेवा करायला तयार असली की पुरे, असा त्याचा आशय होता. युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांचे गळे कापत होते, त्या काळात हे लिहिले गेले. आजही नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराचे आडनाव ऐकून चेहरा बदलणाऱ्या मंडळींनी हे पत्र वाचावे.

या शिस्तीचे फळ २ जुलै १६४४ रोजी मार्स्टन मूर इथे दिसले. समोरचे घोडदळ मोडल्यावर क्रॉमवेलचे स्वार पाठलागाला आणि लुटीला सुटले नाहीत. ते थांबले, पुन्हा रांगेत आले आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हरत असलेल्या आपल्या लोकांच्या मदतीला वळले. मुस्लिम वाचकाला इथे उहुदची लढाई आठवल्याशिवाय राहणार नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी टेकडीवर ठेवलेले ५० तिरंदाज, विजय दिसताच लुटीसाठी जागा सोडणारे त्यांच्यातले बहुसंख्य, आणि त्यातून उलटलेली लढाई. एजहिलला रूपर्टच्या स्वारांनी नेमके तेच केले होते. ते मैदान सोडून सामानाच्या गाड्यांमागे गेले आणि हाताशी आलेला निर्णायक विजय राजाच्या हातून निसटला.

मार्स्टन मूरनंतर क्रॉमवेलचे आपल्याच सेनापतीशी, अर्ल ऑफ मँचेस्टरशी बिनसले. मँचेस्टरचे म्हणणे असे की राजाला आपण ९९ वेळा हरवले तरी तो राजाच राहणार, आणि त्याने आपल्याला एकदा हरवले तर आपण सगळे फासावर जाणार. क्रॉमवेलने विचारले, मग आपण मुळात शस्त्र उचललेच कशाला? या भांडणातून १६४५ मध्ये कायदा झाला की पार्लमेंटच्या सदस्यांनी सैन्यातली पदे सोडावीत. सर थॉमस फेअरफॅक्स याच्या हाताखाली सुमारे २२ हजारांचे 'न्यू मॉडेल आर्मी' नावाचे पगारी सैन्य उभे करायचे ठरले. नियमाप्रमाणे क्रॉमवेललाही जावे लागले असते. पण त्याला आधी काही दिवसांची, मग पुन्हा मुदतवाढ मिळत गेली. १४ जून १६४५ रोजी नेझबीला राजाचे मुख्य सैन्य संपले, तेव्हा उजव्या बाजूचे घोडदळ त्याच्याच हाती होते. पार्लमेंटमधली जागा आणि सैन्यातले पद दोन्ही टिकवलेल्या अगदी थोड्या लोकांपैकी तो एक. सर्वांसाठी केलेल्या नियमाला एका कर्तबगार माणसापुरता अपवाद झाला, आणि त्या क्षणी तो सर्वांना योग्यच वाटला असणार.

विजय हा पुरावा कसा झाला

क्रॉमवेलच्या पत्रांत एक गोष्ट सतत येते. लढाई जिंकली की तो म्हणतो, हा ईश्वराचा हात आहे, माझे यात काही नाही. सुरुवातीला ही नम्रता आहे आणि ती खरी आहे, यात मला शंका नाही. १६४५ मध्ये ब्रिस्टल घेतल्यावर त्याने पार्लमेंटला लिहिले की वेगवेगळ्या पंथांचे सैनिक इथे एकदिलाने प्रार्थना करतात, तेव्हा मनाच्या बाबतीत सक्ती नको. छापताना पार्लमेंटने हा भाग गाळला. म्हणजे तेव्हा सहिष्णुतेच्या बाजूने क्रॉमवेल होता आणि सेन्सॉरची कात्री पार्लमेंटकडे होती.

पण नम्रतेच्या या वाक्याला दुसरी धार आहे. विजय ईश्वराचा असेल तर हरलेला माणूस केवळ आपला विरोधक राहत नाही, तो ईश्वराचा विरोधक ठरतो. नेझबीच्या लढाईनंतर पार्लमेंटच्या सैनिकांनी राजाच्या तळावरच्या किमान शंभर स्त्रिया आयरिश समजून मारल्या. त्या बहुधा वेल्सच्या होत्या. ईश्वराची चाड असलेल्या माणसांचे हे सैन्य होते.

१६४८ मध्ये दुसऱ्यांदा युद्ध पेटले. त्या वसंतात विंडसरला सेनाधिकारी तीन दिवस प्रार्थनेला बसले आणि चार्ल्स हा रक्ताने हात माखलेला माणूस आहे, त्याच्याकडून हिशेब घ्यायचा, असे ठरवून उठले. क्रॉमवेलही त्या बैठकीत होता. पहिल्या युद्धात एकदा निवाडा झाला असता जे पुन्हा लढले, त्यांचा गुन्हा त्याला दुप्पट वाटला, कारण इतके लख्ख ईश्वरी संकेत पाहूनही त्यांनी ते नाकारले होते. डिसेंबरमध्ये सैन्याने पार्लमेंटच्या दारात उभे राहून नको असलेले सदस्य बाहेर काढले. उरलेल्यांनी राजावर खटला भरला. ३० जानेवारी १६४९ रोजी चार्ल्सचा शिरच्छेद झाला. मृत्युपत्रकावर ५९ सह्या आहेत, तिसरी क्रॉमवेलची.

मराठीत कौल या शब्दाचे दोन उपयोग आहेत. एक देवाचा कौल, दुसरा जनतेचा कौल. शब्द मुळात अरबी, वचन किंवा बोल या अर्थाचा. क्रॉमवेलने पहिला कौल प्रत्येक रणांगणावर घेतला. दुसरा घेण्याची वेळ आली की मात्र तो मागे सरला. १६४७ मध्ये लंडनजवळच्या पुटनी गावच्या चर्चमध्ये सैन्याची सभा भरली होती आणि अध्यक्षस्थानी तोच होता. इंग्लंडमधल्या गरिबातल्या गरीब माणसालाही जगायला श्रीमंताइतकाच जीव आहे, तेव्हा ज्या सरकाराखाली राहायचे त्याला त्याचीही संमती हवी, असे कर्नल रेन्सबरो तिथे बोलला. क्रॉमवेलचा जावई आयर्टन उत्तरला की ज्याची देशात मालमत्ता नाही त्याला मत कसले? क्रॉमवेल जावयाच्या बाजूला झुकला. दीडेक वर्षाने, मे १६४९ मध्ये, हेच हक्क मागणाऱ्या बंडखोर सैनिकांपैकी तिघांना बर्फर्डच्या चर्चच्या आवारात गोळ्या घातल्या गेल्या. जाडेभरडे कपडे घालणाऱ्या ज्या माणसांना त्याने शोधून आणले होते, त्यांच्यातलीच ही माणसे.

आयर्लंड

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो आयर्लंडला उतरला. ११ सप्टेंबरला ड्रोगेडा शहर पडले. शरण येण्याचा निरोप नाकारलेल्या शहरातल्या शिबंदीला दयामाया न दाखवणे त्या काळच्या युद्धनियमांत बसत होते, असे त्याचे समर्थक सांगतात. पण मारल्या गेलेल्या सुमारे तीन हजारांत नुसते शिपाई नव्हते. धर्मगुरू होते, नागरिक होते, चर्चच्या मनोऱ्यात आसरा घेतलेले लोक होते आणि तो मनोरा पेटवला गेला. क्रॉमवेलने पार्लमेंटला कळवले की हा ईश्वराचा न्याय्य निवाडा आहे. पुढच्या महिन्यात वेक्सफर्डला वाटाघाटी चालू असतानाच कत्तल झाली. नंतरच्या जमीन जप्तीने आयर्लंडचे चित्रच पालटले. १६४१ मध्ये कॅथलिकांकडे साधारण ६० टक्के जमीन होती, वीस वर्षांत ती पाचव्या हिश्श्याच्या आसपास आली.

मनावर सक्ती नको म्हणणारा माणूस हाच ना? न्यू रॉस शहराच्या अधिकाऱ्याने त्याला धर्मस्वातंत्र्याबद्दल विचारले, तेव्हा त्याने उत्तर दिले की मी कोणाच्या मनात डोकावत नाही, पण स्वातंत्र्य म्हणजे मास ही कॅथलिक उपासना करू देणे असेल, तर जिथे पार्लमेंटची सत्ता आहे तिथे ते चालणार नाही. मनात काय मानायचे ते माना, फक्त उपासना करू नका. अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या कोणालाही या उदारतेचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

त्याच्यावर अन्याय नको म्हणून दुसरी बाजूही सांगतो. १२९० मध्ये इंग्लंडमधून हाकललेल्या ज्यूंना परत येऊ द्यावे म्हणून त्याने १६५५ मध्ये व्हाइटहॉलला परिषद बोलावली. व्यापारी आणि पाद्री आडवे आले, ठराव झाला नाही, तरी त्यानंतर लंडनमध्ये ज्यूंना प्रार्थनागृह आणि दफनभूमी मिळाली. राजाच्या शिरच्छेदानंतर काही महिन्यांतच कुरआनचे पहिले इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापले गेले. ते अरबीवरून नव्हते, फ्रेंचवरून होते, आणि इस्लामच्या प्रेमापोटी तर नव्हतेच. पार्लमेंटने जप्तीचा हुकूम काढला, चौकशी झाली, पण पुस्तक शेवटी बाहेर आले. त्या राजवटीत असेही घडत होते.

हरल्यावर काय

१६५० मध्ये स्कॉटलंडच्या चर्चशी वाद चालू असताना क्रॉमवेलने त्यांना कळकळीने विनवले की तुम्ही चुकत असाल अशी शक्यता तरी धरा. धार्मिक माणसाने दुसऱ्या धार्मिक माणसाला याहून चांगले काय सांगावे? पण महिन्याभरात, ३ सप्टेंबरला, डनबारला त्याने त्यांचा दणदणीत पराभव केला आणि कोण चुकले होते हा प्रश्न त्याच्यापुरता निकालात निघाला. स्वतःच्या बाबतीत ही शक्यता धरायला त्याला कोणी भाग पाडू शकत नव्हते. २० एप्रिल १६५३ रोजी त्याने बंदूकधारी शिपाई बोलावून उरलेसुरले पार्लमेंटही रिकामे केले. डिसेंबरमध्ये तो लॉर्ड प्रोटेक्टर, म्हणजे देशाचा पालक झाला. नंतर निवडणुका झाल्या, पण १६५४ आणि १६५६ या दोन्ही वेळी सुमारे शंभर सदस्यांना सभागृहात बसता आले नाही.

१६५५ मध्ये कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावर त्याचे सैन्य स्पॅनिश लोकांकडून हरले. बातमी आली तेव्हा तो दिवसभर खोलीत बंद राहिला. विजय हा कौल असेल तर पराभव काय? त्याचा निष्कर्ष असा की देशात पाप वाढले आहे. राजवाद्यांचे एक बंड नुकतेच मोडले होते, त्यात ही भर पडली. मग देशाचे विभाग पाडून प्रत्येकावर एक मेजर जनरल नेमला गेला. बंडखोरांवर नजर ठेवायची आणि त्याबरोबर गुत्ते, घोड्यांच्या शर्यती, अस्वलांच्या झुंजी बंद करायच्या. मोहिमेची आखणी चुकली होती, रसद अपुरी होती, हे हिशेब बाजूला राहिले आणि गावच्या शर्यतीवर बंदी आली.

विजय म्हणजे सत्य, हे मुस्लिम मनाला पटणे कठीण आहे, कारण आपल्या स्मृतीत करबला आहे. तिथे जिंकला यझीद. हजरत हुसैन हरले आणि शहीद झाले. परंपरेत सांगतात की यझीदच्या दरबारात हा विजय अल्लाहचा निवाडा म्हणून मिरवला गेला आणि बीबी झैनब यांनी भर दरबारात त्याला उत्तर दिले. उहुदचेही तसेच. शहराबाहेर जाऊन लढायचा निर्णय प्रेषितांच्या स्वतःच्या मनाविरुद्ध, सहकाऱ्यांच्या आग्रहाने झाला होता. लढाई अंगाशी आल्यावर कोणीही म्हटले असते की आता सल्लामसलत बंद. कुरआनने मात्र त्यानंतरही लोकांचा सल्ला घेत राहायला सांगितले.

हे मी आपली पाठ थोपटण्यासाठी लिहीत नाही. शूराची ही शिकवण बाजूला सारून उमय्यांनी घराणेशाही आणली, आणि आमची सत्ता हीच अल्लाहची मर्जी, असा युक्तिवाद त्यांच्या काळात चाललाच. प्युरिटन असो वा खलिफा, जिंकलेल्या माणसाला हा युक्तिवाद फार सोयीचा पडतो. आजच्या निवडणुकीत शंभर जागा जास्त मिळाल्या म्हणून आपले प्रत्येक म्हणणे बरोबर ठरले, असे मानणारा नेता त्याच वाटेवर असतो. फक्त तो देवाऐवजी जनतेचे नाव घेतो.

क्रॉमवेल १६५८ मध्ये ३ सप्टेंबरलाच गेला. दोन वर्षांत राजेशाही परत आली, कारण त्याने उभारलेले सारे त्याच्या एका माणसावर टेकलेले होते. १६६१ मध्ये त्याचे प्रेत उकरून फाशी दिले गेले. १८९९ मध्ये त्याचा पुतळा वेस्टमिन्स्टरला पार्लमेंटच्या इमारतीबाहेर उभा राहिला. आयरिश सदस्यांच्या विरोधामुळे सरकारी पैसा मिळाला नाही, खर्च लॉर्ड रोझबेरी यांनी केला.

क्रॉमवेल ढोंगी होता असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसे वाटत नाही. तो ढोंगी असता तर हा विषय सोपा झाला असता, खरा माणूस शोधा म्हणून मोकळे झालो असतो. तो प्रामाणिक होता आणि तरीही ड्रोगेडा घडले. म्हणून मशिदीच्या ट्रस्टपासून मंत्रालयापर्यंत कोणाच्याही हाती कारभार देताना त्याच्या नमाजा मोजू नयेत, त्याच्या यात्राही मोजू नयेत. त्याला नको कोण म्हणू शकतो, आणि तसे म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या जागेवर असतो का, एवढे पाहावे.